जुहूच्या वाळूवरील अडीच महिने

गेल्या वैशाखांत आम्ही आठ दिवस गुहागरास समुद्रालगतच्या एका लहानशा घरांत भाड्यानें राहिलों होतों. दोन खोल्या, पुढें पडवी, पडवीसमोर सुरूचीं चार झाडें आणि त्यांच्या पलीकडे वाळू. मंडळी सकाळ-संध्याकाळ वाळूंत असत. दुपारीं ऊन चढलें म्हणजे मी पडवींत आडवा होऊन जवाहरलाल नेहरूंचें आत्मचरित्र पुन्हां चाळीत असें. वडिलांविषयीं आणि गांधीजींविषयीं लिहिलेल्या प्रकरणांत त्यांनीं जातां जातां एक लहानशी आठवण सांगितली आहे. १९२४ च्या उन्हाळ्यांत नेहरू मंडळी जुहूस अगदीं समुद्रासमोरच्या एका चिमुकल्या घरांत कांहीं आठवडे राहिली होती. पोहावें, धांवावें, वाळूवरून घोडा फेंकावा, अशी मनाजोगी सुटी जवाहरलालांस तेथें पुष्कळ दिवसांनीं लाभली. मात्र एवढें सांगून झाल्यावर ते लगेच खुलासा करतात कीं, आम्ही तेथें गेलों होतों तें सुटीसाठीं नव्हे, गांधीजींशीं बोलण्यासाठीं.

हा मजकूर मीं पूर्वीं दोनदां तरी वाचला असेल. परंतु तशाच एका घराच्या पडवींत, समोर ओहोटी लागलेली असतांना, तो निराळाच लागला. राजकारणाचा इतिहास लिहिणारे १९२४ च्या जुहूविषयीं एवढेंच लिहितात कीं, तेथें गांधी आणि स्वराज्यपक्ष यांची तडजोड झाली नाहीं. तें खरेंच आहे. पण तडजोड न होण्यासाठीं अडीच महिने समुद्रकांठीं राहण्याची गरज नसते. तें काम दोन तारांत भागतें. मग तेथें घडलें तरी काय, हें पाहावें असें मनांत आलें आणि त्यांतूनच हा लेख झाला.

आरंभीं त्या घराविषयींच थोडें लिहितों. कारण समुद्राकडे तोंड करून बांधलेलें घर ही आपल्याकडे अगदीं अलीकडची वस्तु आहे. गुहागरचेंच उदाहरण घ्या, अथवा दापोलीकडील मुरूडचें किंवा दिवेआगरचें घ्या. गांवांत एकच लांब सरळ रस्ता. त्याच्या दोहों बाजूंस घरें. घरांमागें नारळी-पोफळींच्या वाड्या. वाडीच्या शेवटीं केवड्याचें बन आणि वाळूचा उंचवटा. आणि त्याच्याहि पलीकडे समुद्र. घराची ओटी रस्त्याकडे, समुद्राकडे घराची पाठ. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या लाटांचा आवाज कानीं येई, पण समुद्र पाहत बसावें म्हणून कोणी ओटी बांधली नाहीं. किनारा हा कोळ्यांचा, मासळी वाळविण्याचा, होड्या ओढून ठेवण्याचा. आणि कित्येक गांवीं स्मशानाचाहि. समुद्राची पूजा नारळी पौर्णिमेस होई, आणि त्याला स्पर्श करावा तो पर्वकाळींच, एरव्हीं नव्हे, अशी शास्त्राची समजूत. हा सगळा मूर्खपणा होता असें मुळींच नाहीं. ज्यांनीं चार महिन्यांचा कोंकणी पावसाळा समुद्राच्या तोंडाशीं काढला आहे, त्यांना नारळाच्या वाडीचा आडोसा कां हवा तें सांगावें लागत नाहीं. (आमच्या पडवीपुढचे ते सुरूदेखील बाहेरून आणून लावलेले, अलीकडच्या काळांतले. आज मात्र त्यांच्याखेरीज किनाऱ्याचें चित्र पुरें होत नाहीं.)

समुद्र ही प्रकृति सुधारण्याची जागा आहे, ही कल्पना अठराव्या शतकांतील इंग्लंडची. रिचर्ड रसेल नांवाच्या डॉक्टरानें १७५० सालीं लॅटिन भाषेंत एक प्रबंध लिहून, गांठींच्या विकारांवर समुद्रस्नान आणि चक्क समुद्राचें पाणी पिणें हे उपाय सांगितले. ब्रायटन हें तेव्हां मासे धरणाऱ्यांचें एक गरीब गांव होतें. रसेलचे रोगी तेथें जाऊं लागले. पुढें युवराज गेला. त्याच्या मागोमाग दरबार गेला. आणि १८४१ सालीं आगगाडी झाल्यावर लंडनचा कारकूनहि गेला. औषध म्हणून जें सुरू झालें तें शंभर वर्षांच्या आंत करमणूक होऊन बसलें. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजांस मात्र उन्हाळ्यांत समुद्रापेक्षां डोंगर प्रिय. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरास १८२८ सालीं महाबळेश्वर सांपडलें, ठाण्याच्या कलेक्टरास १८५० सालीं माथेरान सांपडलें, आणि साहेबमंडळी तिकडे चढली. समुद्राची हवा खाण्याची चाल मुंबईंत वाढविली ती मुख्यतः एतद्देशीय श्रीमंतांनीं, म्हणजे पारशी, भाटिये आणि गुजराती व्यापाऱ्यांनीं.

त्यांतच जुहूचा उदय झाला. साष्टीच्या पश्चिम बाजूस, मध्यें खाडी आणि खाजण असलेला हा एक लांबट वाळूचा पट्टा. भरतीच्या वेळीं जवळजवळ बेटच. पोर्तुगीज त्याला जुवें म्हणत. वस्ती कोळ्यांची व भंडाऱ्यांची, ख्रिस्ती कुटुंबें बरींच, आणि नारळीचीं झाडें. जमशेटजी टाटांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुहूतारा येथें जमीन घेऊन बंगला बांधला. तेथें मोठी वसाहत करावी असा त्यांचा मनसुबा होता. पण १९०४ सालीं ते वारले आणि बेत कागदावरच राहिला. एका अर्थीं हें बरेंच झालें. त्यामुळें १९२४ सालीं जुहू ही शहरापासून कांहीं मैलांवरची, पण शहर नसलेली जागा होती. पार्ल्यास अथवा सांताक्रूझास उतरून पुढें वाहन करावें लागे. त्या मार्गावर विजेची गाडी १९२८ सालीं सुरू झाली, तोंपर्यंत सगळा कारभार वाफेच्या इंजिनाचा होता. कोणाला सहज म्हणून जातां येऊं नये इतकी ती दूर, आणि काम असल्यास गांठतां यावी इतकी जवळ. नेमका हाच गुण तेथें झालेल्या पुढच्या घटनेस कारण झाला.

जुहूस ज्यांचे बंगले होते त्यांत शेट नरोत्तम मोरारजी हे एक. १९१९ सालीं सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि इतर मंडळी यांच्यासह त्यांनीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही त्यांची पहिली आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून विलायतेस निघाली. इंग्रज आगबोट कंपन्यांशीं दर्याच्या व्यापारांत उघड सामना देणारा हा पहिला मोठा देशी उद्योग. अशा माणसाच्या पडवीसमोर जो समुद्र पसरलेला असे, तो त्याला नुसता देखावा वाटत नसावा. गांधीजींना विश्रांतीसाठीं जागा हवी असें ठरलें तेव्हां नरोत्तम शेटजींनीं आपला बंगला त्यांना दिला.

विश्रांतीची गरज कां पडली, तें पुणेंकर वाचकांस निराळें सांगावयास नको. १९२२ च्या मार्चमध्यें गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्यास होते. जानेवारी १९२४ मध्यें त्यांच्या पोटांत कळा येऊं लागल्या. आंत्रपुच्छाचा दाह आहे असें निदान झालें आणि त्यांना ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक यांनीं शस्त्रक्रिया केली. नामदार श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेण्यांत आलें. डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे, भलतें कांहीं घडल्यास सरकारविरुद्ध चळवळ होऊं नये, अशा आशयाचें पत्रक शास्त्रीबोवांनीं लिहिलें व गांधीजींनीं थरथरत्या हातानें त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असतांनाच विजेचा दिवा गेला; हातांतली विजेची बत्तीहि विझली; आणि शेवटीं कंदिलाच्या उजेडांत काम पुरें करावें लागलें. एका इंग्रज सर्जनच्या हातांत, पुण्यांतल्या एका कंदिलाखालीं, त्या रात्रीं काय काय अवलंबून होतें, तें आज आठवलें तरी अंगावर कांटा येतो.

५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांना बिनशर्त सोडलें. देशांत आनंदीआनंद झाला. गांधीजींस मात्र आनंद झाला नाहीं. राष्ट्रसभेचे त्या वर्षाचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं स्पष्टच म्हटलें कीं, कैद्याचा आजार हें त्याच्या सुटकेचें कारण होऊं शकत नाहीं आणि या सुटकेनें आपणांस सुख वाटत नाहीं. शिक्षेचीं चार वर्षें उरलीं असतां तीं न भोगतां बाहेर पडावें लागलें, याचें त्यांना ओझें वाटत होतें. हें ओझें ध्यानांत घेतल्यावांचून जुहूच्या मुक्कामाचा उलगडा होत नाहीं. आपण समुद्रकांठीं जातों तें कमावलेली सुटी खर्च करण्यासाठीं. हा मनुष्य तेथें आला तो न कमावलेली सुटी घेऊन.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत ते जुहूस आले. जखम भरून येत होती, अंगांत शक्ति नव्हती. संध्याकाळीं ओल्या वाळूवरून थोडें चालणें हाच काय तो व्यायाम. सोबत महादेवभाई देसाई होते. चार्ल्स अँड्र्यूज येऊन राहिले आणि त्यांनीं शुश्रूषा व लेखनाचें काम दोन्हीं अंगावर घेतलीं. आश्रमाच्या परिवारांतील आणखीहि कांहीं दुखणेकरी माणसें तेथें आणून ठेवलीं होतीं. म्हणजे बंगला हवा खाण्याचा कमी आणि दवाखान्याचा अधिक झाला होता. भेटीस येणारांची रीघ इतकी लागली कीं, लोकांनीं येऊं नये, आलेच तर ठराविक वेळींच यावें, अशी वर्तमानपत्रांतून विनंती करणें त्यांना भाग पडलें. लोक अर्थातच आले. आपल्या देशांत, ‘डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली आहे’ हें वाक्य भेटीस जाण्याचें आमंत्रण समजलें जातें, आणि तेव्हांहि तसेंच समजलें जाई.

पण लोकांना दोष कां द्यावा? खुद्द रोगीच स्वस्थ बसावयास तयार नव्हता. ‘दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास’ या पुस्तकाचा बराच भाग येरवड्यांत सांगून लिहविला होता. त्याच्या प्रस्तावनेखालीं स्थळ म्हणून जुहूचें नांव आणि २ एप्रिल १९२४ ही तारीख आहे. त्याच सुमारास ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ यांचें संपादन त्यांनीं पुन्हां हातीं घेतलें आणि तुरुंगांतले अनुभव क्रमशः लिहावयास आरंभ केला. ३० मार्चला त्रावणकोरांत वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांना जातां यावें, एवढीच मागणी. तिकडचीं पत्रें आणि तारा जुहूच्या पत्त्यावर येऊं लागल्या. चळवळीचे पुढारी जॉर्ज जोसेफ हे ख्रिस्ती. त्यांना गांधीजींनीं ६ एप्रिलच्या पत्रांत सांगितलें कीं, हें प्रायश्चित्त हिंदूंचें आहे, तें हिंदूंनाच करूं द्या. या सल्ल्यावर तेव्हांहि टीका झाली, आजहि होते, आणि ती अगदींच निराधार आहे असें मला वाटत नाहीं. पुढें मे महिन्यांत केरळांतून शिष्टमंडळहि आलें. दोन हजार वर्षांचा प्रश्न मलबारच्या किनाऱ्यावरून निघून साष्टीच्या किनाऱ्यावर उतरला, तो एका दुखणाईत माणसाच्या खाटेशीं.

आतां त्या दुसऱ्या, लहान घराकडे वळूं.

पंडित मोतीलाल नेहरू तेव्हां बासष्टी उलटलेले. जवाहरलाल चौतीस वर्षांचे, राष्ट्रसभेचे चिटणीस आणि शिवाय अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष. आदल्या वर्षीं नाभा संस्थानच्या तुरुंगांतल्या घाणेरड्या कोठडींत कांहीं दिवस काढून आल्यावर त्यांना विषमज्वर झाला होता आणि कित्येक आठवडे अंथरुणावर काढावे लागले होते. त्या पार्श्वभूमीवर त्यांच्या त्या धांवण्या-पोहण्याचा अर्थ लागतो. ओहोटीच्या वेळीं जुहूची वाळू सडकेसारखी कठीण होते. घोड्याच्या टापेखालीं ती दबते पण खचत नाहीं. सकाळच्या प्रहरीं जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहतो तेव्हां पाणी शांत असतें. दुपार कलली म्हणजे उलटा वारा सुटून लाटा फुटूं लागतात. चैत्र-वैशाखांत मुंबई घामानें चिंब झालेली असतांना या वाऱ्यापुरतेंच तेथें राहणें सुसह्य. गंगाकांठच्या माणसाला हा सगळाच प्रकार नवलाचा वाटला असेल. त्या प्रकरणांत वाद, निराशा, डावपेंच हें पुष्कळ आहे; अंग मोकळें झाल्याचा आनंद असा तेवढ्या एकाच ठिकाणीं आहे.

मोतीलालजी मात्र हवेसाठीं आलेले नव्हते. वाद कौन्सिलांचा होता. १९२० सालीं राष्ट्रसभेनें कायदेमंडळांवर बहिष्कार घातला. गांधीजी तुरुंगांत गेल्यावर चळवळ ओसरली, आणि १९२२ च्या डिसेंबरांत गयेच्या अधिवेशनांत देशबंधु चित्तरंजन दास यांनीं, कौन्सिलांत शिरून तीं आंतूनच मोडावीं, असें प्रतिपादन केलें. ते हरले, पण लागलीच १ जानेवारी १९२३ रोजीं त्यांनीं आणि मोतीलालजींनीं स्वराज्यपक्षाची स्थापना केली. फेरवादी आणि नाफेरवादी अशा दोन फळ्या पडल्या. महाराष्ट्रांत तर या वादाला निराळीच धार होती. लोकमान्यांच्या पुष्कळ अनुयायांना कौन्सिल-बहिष्कार मुळापासून पटलेला नव्हता. तात्यासाहेब केळकर स्वराज्यपक्षांत अग्रभागीं होते. १९२३ च्या नोव्हेंबरांतील निवडणुकींत पक्षाला मोठें यश आलें. मध्यप्रांतांत तर स्पष्ट बहुमत मिळालें. आणि फेब्रुवारी १९२४ मध्यें मोतीलालजींनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत राज्यघटनेच्या फेरविचाराचा ठराव सरकारच्या विरोधास न जुमानतां संमत करून घेतला. हा विजयी वीर मार्चअखेर जुहूच्या वाळूवर उतरला.

डाव दिसावयास असा होता. एका बाजूस नुकताच जिंकलेला पक्ष, कायद्यांत मुरलेला त्याचा पुढारी आणि त्याच्या पाठीशीं बंगालचा दास. दुसऱ्या बाजूस दोन वर्षें तुरुंगांत असलेला, नीट उभेंहि राहतां न येणारा एक मनुष्य, ज्याच्या हातांत कसलीहि सत्ता नव्हती. पण ‘तुमचें बरोबर आहे’ एवढे शब्द त्या माणसाकडून मिळविण्यासाठीं ही सारी धडपड. कारण त्याचा नकार म्हणजे खेड्यापाड्यांतल्या हजारों कार्यकर्त्यांचा नकार, हें दासांनाहि कळत होतें आणि मोतीलालजींनाहि.

मोतीलाल आणि गांधी हीं दोन माणसें एकमेकांपासून किती निराळीं! एकाला जीवनाची सर्वांगीं गोडी. दुसऱ्यानें एकेक गोडी मोजून सोडलेली. मोतीलालजींच्या भक्तींत आंधळेपणा नव्हता. आपला हेका ते सहज सोडणारे नव्हते. जवाहरलालांनीं एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. मोतीलालजींचें मिशा नसलेलें एक छायाचित्र एकदां गांधीजींनीं पाहिलें. तोंवर त्यांनीं त्यांना मिशांसहच पाहिलेलें. मिशांच्या आड लपलेली जिवणीची आणि हनुवटीची कठोर रेघ त्या चित्रांत उघडी पडली होती. गांधीजी तें बराच वेळ पाहत राहिले, आणि आपल्याला कशाशीं झुंजावयाचें आहे तें आतां समजलें, अशा अर्थाचे शब्द हंसून बोलले. राजकारणाच्या ग्रंथांत ज्याला ‘जुहूच्या वाटाघाटी’ म्हणतात, त्यांचें इतकें नेमकें वर्णन मला दुसरें आढळलें नाहीं.

एप्रिल गेला. मे महिन्यांत दासबाबू आले. पुन्हां बोलणीं झालीं. अखेर २२ मे रोजीं दोन पत्रकें प्रसिद्ध झालीं. गांधीजींनीं म्हटलें कीं, माझ्या समजुतीप्रमाणें कौन्सिलप्रवेश असहकाराशीं विसंगत आहे. हा मतभेद तपशिलाचा नाहीं, मुळांतला आहे. मात्र स्वराज्यपक्षीय आंत गेलेच आहेत, तर नाफेरवाद्यांनीं त्यांच्या वाटेंत आडवें येऊं नये. दास-नेहरूंनीं म्हटलें कीं, महात्माजींची खात्री पटवितां आली नाहीं याचें आम्हांस दुःख आहे. तथापि असहकार ही मनोवृत्ति आहे, आणि कौन्सिलांत राहून सरकारची वाट अडविणें हें तिला धरूनच आहे. दोन्ही पत्रकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं तर एक गोष्ट ध्यानांत येते. समोरच्याचें म्हणणें तोडून-मोडून मांडण्याचा मोह दोन्हीं बाजूंनीं टाळला आहे. ‘खरें म्हणजे आमचें एकमतच आहे’ अशी लबाड भाषा एकीकडेहि नाहीं.

जवाहरलाल निराश होऊन परतले. सर्वसामान्य मतभेदाहून त्यांच्या शंका निराळ्या होत्या, आणि गांधीजींनीं त्यांतल्या एकीचेंहि निरसन केलें नाहीं. पुढचा लांबचा कार्यक्रम आंखून देण्यास ते तयारच नव्हते. तरुण माणसाचा हा विरस मी समजूं शकतों. पण एवढ्यावरून जुहू निष्फळ झालें असें म्हणणें मला पटत नाहीं. त्या वर्षीं इतर ठिकाणीं हे दोन पक्ष एकमेकांशीं कसे वागत होते, तें त्या वेळचीं वर्तमानपत्रें पाहिलीं म्हणजे कळतें. आपलीं मराठी पत्रें त्या बाबतींत कोणाच्या मागें नव्हतीं. सभेंत वाद झाला म्हणजे टाळ्या मागाव्या लागतात. टाळ्या मागणारा माघार घेऊं शकत नाहीं. जुहूस टाळ्या देणारें कोणी नव्हतें. सकाळीं बोलणें खुंटलें तरी संध्याकाळीं त्याच वाळूवर, तीच माणसें, पुन्हां समोर येणार. मुक्कामालाच ही सक्ति असते. भेटीला जाऊन भांडून येतां येतें. शेजारीं राहावयाचें म्हटलें म्हणजे भांडणालाहि रीत लागते.

या रीतीचा परिणाम लगेच दिसला नाहीं. मेअखेर गांधीजी जुहूहून निघाले. हिंदु-मुसलमानांमधील तेढीविषयींचा त्यांचा प्रदीर्घ लेख २९ मेच्या ‘यंग इंडिया’त आला. जूनअखेर अहमदाबादेस अखिल भारतीय समितीच्या बैठकींत दोन्ही पक्षांची जाहीर झुंज झाली, स्वराज्यपक्षीय सभात्याग करून गेले, आणि मतें आपल्या बाजूस असतांहि आपला पराभव झाला असें गांधीजींनीं कबूल केलें. तेथें त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. नोव्हेंबरांत कलकत्त्यास मात्र त्यांनीं दास आणि मोतीलाल यांच्याशीं करार केला, आणि कौन्सिलांतलें काम राष्ट्रसभेच्या वतीनें चालविण्याची मुभा स्वराज्यपक्षास मिळाली. डिसेंबरांत बेळगांवच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हां त्या करारावर शिक्कामोर्तब झालें. जुहूस जें नाकारलें तें सहा महिन्यांनीं बरेंचसें दिलें. पण मत न बदलतां दिलें.

दासबाबूंना फार दिवस मिळाले नाहींत. १९२५ च्या उन्हाळ्यांत प्रकृति ढांसळली म्हणून ते दार्जिलिंगास हवेसाठीं गेले, आणि १६ जून रोजीं तेथेंच वारले. तत्पूर्वीं गांधीजी त्यांच्याकडे त्या डोंगरावरच्या घरीं जाऊन कांहीं दिवस राहून आले होते. या वेळीं दुखणाईत दुसरा होता. नरोत्तम शेटजी १९२९ सालीं मोटारीच्या अपघातांत गेले. मोतीलालजी १९३१ च्या फेब्रुवारींत गेले.

गांधीजी जुहूस पुढेंहि आले. १९३७ च्या डिसेंबरांतलें त्यांचें एक छायाचित्र पुष्कळांच्या पाहण्यांत असेल: लहान नातू पुढें धांवतो आहे, त्याच्या हातांत काठीचें एक टोंक, दुसरें टोंक आजोबांच्या हातांत, आणि पायांखालीं जुहूची ओली वाळू. त्या चित्रांत ते जितके सुटीवर आहेत तितके दुसऱ्या कोठल्याहि चित्रांत नाहींत.

शेवटचा मोठा मुक्काम १९४४ चा. ६ मे रोजीं आगाखान राजवाड्यांतून त्यांची सुटका झाली, ती पुन्हां आजारामुळेंच. या वेळीं हिंवताप होता. पुण्याहून पुन्हां जुहू, पुन्हां मोरारजींचाच बंगला. यजमान आतां नरोत्तम शेटजींचे चिरंजीव शांतिकुमार. वीस वर्षांपूर्वीं येथें लेखणी घेऊन बसणारे महादेवभाई आगाखान राजवाड्यांत १५ ऑगस्ट १९४२ रोजीं गेले होते. कस्तुरबा तेथेंच २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं गेल्या होत्या. अँड्र्यूजना जाऊन चार वर्षें झालीं होतीं. जवाहरलाल अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. समुद्रासमोरच्या त्या चिमुकल्या घराची आठवण सांगणारें त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध होऊन आठ वर्षें लोटलीं होतीं.

त्या मुक्कामांत गांधीजींनीं कांहीं दिवस मौन पाळलें. जूनच्या आरंभीं त्यांना विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट थोडा वेळ दाखविण्यांत आला, ज्यांत शोभना समर्थांनीं सीतेचें काम केलें होतें. चित्रपटांविषयीं त्यांना कधींच प्रेम नव्हतें. सीतात्यागाची कथा, पत्नीला जाऊन चार महिनेहि न झालेल्या त्या माणसानें जुहूच्या त्या घरांत बसून पाहिली. महिन्याच्या मध्यास ते पुण्यास परत गेले. तोंवर मृगाचे ढग येऊं लागतात, कोळी होड्या ओढून वर घेतात, आणि समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या घरांच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात.